नखांचा रंग आणि प्रमादाचा प्रश्न

मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहावर ब्राह्मी लिपीत जे अनेक दानलेख कोरलेले आहेत, त्यांपैकी एका लेखात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दरवाजा दान दिल्याची नोंद आहे. ज्या भिक्षुसंघासाठी हे लेणे खोदले गेले त्याला माळा, गंध आणि विलेपन वर्ज्य होते, आणि उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळणाऱ्या गृहस्थालाही त्यांचा त्याग करावा लागे. तरीही शृंगारसाधने विकून जगणाऱ्याचे दान संघाने स्वीकारले. त्यामागची दृष्टी अंगुत्तर निकायातील एका उपदेशावरून समजते. उपासकाने शस्त्रे, सजीव प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार करू नये, असे तेथे सांगितले आहे. या यादीत गंध नाही, विष आहे. शृंगार गृहस्थाला मोकळा होता. एकाच बाटलीत शृंगार आणि विष दोन्ही असतील तर काय करावे, हा प्रश्न मात्र आजच्या पिढीच्या वाट्याला आला आहे.

नेलपॉलिशचा पापुद्रा नायट्रोसेल्युलोज या पदार्थाचा बनतो आणि तो ज्या द्रावकांत विरघळवलेला असतो ते उडून गेले की रंग वाळतो. हा पापुद्रा तडकू नये म्हणून डायब्युटिल थॅलेट, रंग एकसारखा पसरावा म्हणून टोल्युइन आणि नखे कठीण व्हावीत म्हणून फॉर्मल्डिहाइड वापरण्याची रीत पडली. पहिले द्रव्य संप्रेरकांच्या, म्हणजे शरीरातील हार्मोनच्या, कार्यात ढवळाढवळ करते, दुसऱ्याची वाफ मज्जासंस्थेला अपायकारक असते, तर तिसऱ्याची गणना कर्करोगकारक द्रव्यांत होते. युरोपीय संघाने डायब्युटिल थॅलेटवर बंदी घातली, तेव्हा अनेक उत्पादकांनी त्याच्या जागी ट्रायफिनाइल फॉस्फेट आणले. पण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१५ च्या अभ्यासात, नेलपॉलिश लावल्यानंतर दहा ते चौदा तासांनी स्त्रियांच्या लघवीत या द्रव्यापासून शरीरात तयार होणाऱ्या पदार्थाचे प्रमाण सुमारे सातपट वाढलेले आढळले. एवढ्या प्रमाणाने किती अपाय होतो हे त्या अभ्यासाने ठरवलेले नाही. परंतु नखावर लावलेला रंग नखापुरताच राहतो हा समज त्याने निश्चितच खोटा ठरवला.

बौद्ध नीतिविचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, मानले जाते. त्या न्यायाने लेकीसाठी हौसेने लाल रंगाची बाटली घेणाऱ्या आईला दोष देता येणार नाही, आणि तो देऊही नये. मावळातच पाले गावच्या लेण्यात अरहंतांना नमस्काराने सुरू होणारा एक प्राचीन लेख आहे व अनेक अभ्यासक तो जैन मानतात. त्या जैन परंपरेने मात्र हेतूपाशी न थांबता हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडली आहे. नेलपॉलिशच्या बाबतीत हीच कसोटी अधिक खरी उतरते. अपाय करण्याचा हेतू कोणाचाच नसतो. घटकांची यादी न वाचणे, स्वस्त बाटलीवर ती छापलेलीच नाही याकडे काणाडोळा करणे, हाच येथला दोष आहे.

शिवाय हा दोष भोगणारी व्यक्ती पुष्कळदा वेगळीच असते. कार्ल्याजवळच्या लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने धुके आणि सरी आत येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद राहतात. अशा वेळी ब्यूटी पार्लरच्या लहानशा खोलीत गिऱ्हाईक अर्धा तास बसून निघून जाते, पण दुसऱ्यांची नखे रंगवणारी मुलगी द्रावकांच्या आणि रंग पुसण्याच्या ॲसिटोनच्या वासात दिवसभर श्वास घेते. स्वतःच्या शरीराचे काय करावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, हा युक्तिवाद तिच्यापुढे टिकत नाही.

ज्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत तपासण्याचा मार्ग घालून दिला, तेथे योगातील यमनियमांनाही तपासणीची जोड मिळणे स्वाभाविक आहे. अहिंसेनंतरचा यम सत्य हा आहे, आणि तो वेष्टनावरच्या दाव्यांनाही लागू होतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने २०१२ मध्ये तपासलेल्या नखांच्या उत्पादनांपैकी ‘टोल्युइनविरहित’ म्हणवणाऱ्या बारापैकी दहांत टोल्युइन सापडले. म्हणून वेष्टनावरच्या दाव्यापेक्षा घटकांची पूर्ण यादी आणि उत्पादकाचे नाव-पत्ता यांना अधिक महत्त्व द्यावे. जुने ते निर्दोष, असेही मानता येत नाही. शृंगारात वापरला जाणारा हिंगूळ हा पाऱ्याचेच संयुग आहे.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि वाण म्हणून शृंगाराच्या लहानसहान वस्तू लुटल्या जातात. दान घेणारी सवाशीण ती वस्तू पारखून घेत नाही, देणारीवर विश्वास ठेवते. त्यामुळे जिच्यावर घटकांची यादी नाही अशी नेलपॉलिशची बाटली वाणात देऊ नये. आणि पार्लरमध्ये गेल्यावर, बाहेर पाऊस असला तरी, एक खिडकी उघडायला आवर्जून सांगावे.