हलाल, पण किती?



दस्तरखानावर मांस आले की आपण एकच प्रश्न विचारतो: जनावर हलाल आहे ना? होकार मिळाला की रश्श्यावरची तर्री निश्चिंत मनाने ताटात ओढतो. परंतु सूरह बकराच्या १६८व्या आयतीत ‘हलाल’सोबत ‘तय्यब’, म्हणजे शुद्ध व हितकर, हा शब्दही आहे. आणि सूरह आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा देतानाच अतिरेकाला मनाई आहे.

चरबी शरीराला हवीच. मात्र मटणाची किंवा तुपासारखी, थंड झाल्यावर गोठणारी चरबी अति झाली की रक्तातील एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत जाते. शेंगदाण्याचे तेल, मासळी त्या मानाने बरी. ट्रान्स फॅट सर्वांत वाईट. ते एलडीएल वाढवते आणि हितकारक एचडीएल घटवते. म्हणून २०२२पासून तेल व वनस्पती तुपातील त्याची मर्यादा २ टक्के झाली. नियमाने कारखाना बांधला. रमजानच्या संध्याकाळी तेच तेल तिसऱ्यांदा तापवणारी आपली कढई मात्र मोकळीच आहे.

पुरुषांनी आणखी सावध असावे. तरुण स्त्रियांच्या देहात चरबी बहुधा कमरेखाली साठते, पुरुषांच्या देहात पोटाच्या आत, आतड्यांभोवती. हीच आतली चरबी मधुमेह, रक्तदाब व हृदयविकाराला वाट करून देते. वजन बेताचे असलेल्या भारतीय पुरुषांतही ती दडलेली असू शकते. म्हणून आपल्याकडे पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर मानली जाते.

गेल्या वर्षी पंचेचाळिशीतील एका मित्राच्या जनाज्याची नमाज मीच पढवली. फज्रला पहिल्या सफेत असणारा माणूस. छाती जड झाली, घाम सुटला. पित्त समजून रात्रभर घरीच राहिला. अशा वेळी रुग्णालय गाठण्यात क्षणाचाही विलंब नको, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. त्याच आठवड्यात एका वलीम्यात आम्ही एकाच थाळीत जेवलो होतो आणि नळ्या मी त्याच्याकडे सरकवल्या होत्या. दफनानंतर घरी येऊन शिंप्याची टेप स्वतःच्या कमरेला लावली: ९६.

दावत स्वीकारणे सुन्नत आहे, आणि इमामाला दावती फार. पण तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला व एक श्वासाला ठेवण्यास सांगितले. आपण श्वासाचा भागही बिर्याणीला देतो.

मृत्यूची घटका ठरलेलीच आहे, असे कोणी म्हणेल. निःसंशय. तरीही शामच्या वाटेवर साथीची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, असा त्यांचा आशय होता.

मित्राचा मुलगा आता फज्रला येतो. कमर मोजून घे, असे मी त्याला म्हणालो. त्याने आधी माझी विचारली. ९३, मी सांगितले.