देवमाशाचा श्वास

जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला. गावकरी आणि वनखात्याची माणसं कित्येक तास झटली, पण तो गेला. रेवदंडा आमच्याच रायगड जिल्ह्यातलं, त्यामुळे पनवेलमध्येही हळहळ होती. तेव्हा कानावर पडलेलं एक वाक्य मला अजून सलतं : "पाण्याबाहेर मासा, दुसरं काय होणार?"

नावात 'मासा' आहे, तिथेच आपली फसगत होते. देवमाशाला कल्ले नाहीत. आपल्यासारखी फुप्फुसं आहेत. त्याच्या नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असतात. निळ्या देवमाशाला दोन लांबट चिरा आणि त्यांच्या पुढे पाणी अडवणारा मांसल उंचवटा. या चिरा एरवी घट्ट मिटलेल्या असतात, स्नायू ताणले तरच उघडतात. चित्रात आपण त्याच्या डोक्यावर पाण्याचं कारंजं काढतो, पण तो असतो त्याचा उच्छ्वास, बाहेरच्या हवेत निवून धुक्यासारखा झालेला. आपण शांत बसलो असताना एका श्वासात फुप्फुसातली जेमतेम दहावा हिस्सा हवा बदलते. देवमासा ऐंशी-नव्वद टक्के बदलतो, तीही एक-दोन सेकंदांत.

आणि आपला श्वास झोपेतही आपसूक चालतो, त्याला मात्र प्रत्येक श्वासासाठी वर यावं लागतं. त्याचे भाईबंद डॉल्फिन तर अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. इतकं जागरूक जगणं मला दुसरं ठाऊक नाही.

असा हवेवर जगणारा जीव किनाऱ्यावर हवेतच मरतो. समुद्राने उचलून धरलेलं धूड वाळूला टेकलं की स्वतःचाच भार छातीवर येतो, फुप्फुसं फुलेनाशी होतात. चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता आतच कोंडते. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये लागलेल्या पिल्लावर ओली कापडं घातली, ती याचसाठी. लोकांनी त्याला समुद्रात परत नेलं, तरी ते वाचलं नाही.

माया आपल्याकडे उदंड आहे, कमी पडते ती माहिती. देवमासा किनाऱ्यावर दिसला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका. अंगावर सावली धरा, कातडी ओली ठेवा, पण माथ्यावरच्या त्या चिरांत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. गर्दी मागे हटवा आणि लगेच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.