शोकेसमधलं जहाज आणि त्याचं पोट

दोस्तांनो, शिडाच्या जुन्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करणारा कारागीर कामाला किती सच्चा असतो, ते आधी मान्य करू. फळीला फळी जोडायची, तीन डोलकाठ्या उभ्या करायच्या, सुताएवढ्या बारीक दोरांचं जाळं विणायचं, प्रत्येक दोराची गाठ जिथल्या तिथं. महिनेच्या महिने जातात. इंग्रजांच्या नेल्सनचं 'व्हिक्टरी' हे अशा कारागिरांचं लाडकं जहाज. १७६५ साली पाण्यात उतरलं, १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत होतं. तोफा १०४. चांगल्या मॉडेलमधी तोफांची तोंडं मोजून बसवलेली असतात, एक इकडची तिकडं होत नाही. पण त्या लढाईत त्या जहाजावर आठशेच्या वर माणसं होती. ती मोजायला गेलात तर हाताला शून्य लागतं.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, मॉडेल जहाजाचं आहे, माणसांचं नाही. खुर्चीचं मॉडेल केलं तर तिच्यावर माणूस बसवतोस का? ह्या म्हणण्यात दम आहे, उडवून लावण्यासारखं नाही. पण खुर्ची रिकामी असू शकते. सगळी शिडं वर चढवलेलं जहाज रिकामं असू शकत नाही. शीड आपोआप चढत नाही. दोर कुणीतरी तळहात सोलून ओढलेला असतो, सुकाणूवर कुणीतरी उभा असतो. शिडं ताणलेली आणि दोरावर एकही हात नाही, असं जहाज कोणत्याही समुद्रावर कोणी पाहिलेलं नाही. मी सूतगिरणीत साच्यावर उभा असतो म्हणून मला हे चटकन कळतं. साचेखातं चालू आहे, सूत निघतंय, आणि खात्यात माणूसच नाही, असा फोटो छापला तर माझ्या पाळीतला कोणीही हसेल. साहेबलोक हसणार नाहीत. त्यांच्या केबिनमधी असेच फोटो लावलेले असतात.

म्हणजे माझा प्रश्न कारागिरीचा नाही, खरेपणाचा आहे. ज्या वस्तूचा खिळा न् खिळा बरोबर आहे ती वस्तू खोटी असू शकते का?

आपल्या मुंबईचंच घ्या. 'ट्रिंकोमाली' नावाची लढाऊ नौका मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडली. ती अजून तरंगते आहे, इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवली आहे. बांधणारे म्हणून वाडियांचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच पाहिजे, मोठे कसबी लोक. पण ते सागवान ज्यांनी ओढलं, ज्यांनी करवतलं, त्यांचं? ही नौका पाण्यात पडली त्याला तीन महिने व्हायच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगावची लढाई झाली. तिथल्या खांबावर मेलेल्यांची नावं कोरली आहेत, शेवटी 'नाक' लागलेली नावं. दगडाला नावं धरता आली. लाकडाला का नाही धरता आली, ह्याचा विचार करा. लढाईत मेलेला माणूस सरकारला कामाचा होता, म्हणून. मजूर कामाचा होता तो फक्त जिवंत असेपर्यंत.

पण एक मॉडेल असं झालं की त्याच्यात माणसं ठेवली. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

लिव्हरपूलला १७८१ साली 'ब्रूक्स' नावाचं जहाज बांधलं. धंदा गुलामांचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं भरायची, वेस्ट इंडीजला नेऊन विकायची. १७८८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला की जहाजाच्या आकाराप्रमाणं किती माणसं भरावीत त्याला हद्द असावी. 'ब्रूक्स'च्या वाट्याला आली ४५४. गुलामीच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या मंडळींनी मापं घेऊन ह्या जहाजाच्या पोटाचं चित्र छापलं. गड्याला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा. सोळा इंच म्हणजे दोन वितीला दोन इंच कमी. पोरीला रुंदी एक फूट. एकाला एक चिकटून, मापात कापलेल्या लाकडासारखी माणसं. चित्र घरोघर गेलं, भिंतींवर लागलं. टॉमस क्लार्कसन हा त्या चळवळीचा राबता माणूस, गावोगाव हिंडून पुरावे गोळा करणारा. १७८९ साली तो पॅरिसला गेला तेव्हा मिराबोने ह्या जहाजाचं लाकडी मॉडेल करवून घेतलं. तीनेक फूट लांब. पोटात छोट्या छोट्या लाकडी बाया न् गडी, काळे रंगवलेले, आपापल्या जागी निजवलेले. इंग्लंडातही मॉडेल झालं, विल्बरफोर्सने ते खासदारांपुढं ठेवलं. ते हल शहरात त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे.

'व्हिक्टरी'च्या मॉडेलपेक्षा हे शंभर पटीनं खरं. इथं झाकण काढून पोट दाखवलं आहे. ज्याला शोकेस म्हणतात त्याच्या बरोबर उलट. मला त्या कारागिराचा हात धरावासा वाटतो.

आणि तरीसुद्धा मन राजी होत नाही. का, ते सांगतो.

एक तर हिशेब. ती ४५४ माणसं कायद्यातली. त्याच्या आधी ह्याच जहाजाने एका खेपेत सहाशेच्या वर नेली होती. म्हणजे ज्या चित्राने जग हादरलं ते कायदा पाळणाऱ्या जहाजाचं चित्र होतं. खरं जहाज त्याच्याहून वाईट होतं, आणि दीड-एकशे माणसांना त्या चित्रात निजायलासुद्धा जागा नाही.

दुसरं जास्त टोचतं. बाहुल्या निपचित पडून आहेत. सगळ्या एकसारख्या. कोणाला नाव नाही, कोणी कूस बदलत नाही, कोणी शिवी देत नाही. ह्यांना कोणीतरी येऊन उचलावं, एवढंच त्यांच्याकडं बघून वाटतं. पण हाच क्लार्कसन लिव्हरपूलच्या दुकानात गेला होता आणि तिथं त्याने बेड्या विकत घेतल्या, अंगठे चिरडायचा स्क्रू घेतला, आणि एक चिमट्यासारखं हत्यार घेतलं. ते कशाला? जहाजावर माणसं अन्न घ्यायला नकार देत, दात घट्ट मिटून घेत, तेव्हा जबडा फाकवायला. हे हत्यार दुकानात विकायला होतं, मित्रांनो! म्हणजे गिऱ्हाईक होतं. म्हणजे दात मिटणारे एक-दोन नव्हते. जहाजांच्या कडेनं जाळ्या लावत, माणसांनी समुद्रात उडी घेऊ नये म्हणून. बंडं होत होती, म्हणून तर बेड्या.

आता सांगा, त्या माणसाबद्दल जास्त खरं कोण बोलतं? दया वाटावी म्हणून कोरलेली बाहुली, की त्याला मोडायला बनवलेलं लोखंड? मला वाटतं लोखंड. बाहुली म्हणते हा पडून होता. लोखंड म्हणतं हा ऐकत नव्हता. दुष्मनाच्या हत्यारात आपल्या माणसाचा नकार नोंदवलेला असतो. मनुस्मृतीतल्या शिक्षा वाचताना मला हेच वाटतं. कान-जीभ मोडायचे एवढे बंदोबस्त कशाला केले, जर कोणी ऐकत नव्हतं आणि कोणी बोलत नव्हतं?

म्हणून आपल्यावर कणव दाखवून लिहिलेल्या गोष्टी वाचताना मी सावध असतो. मास्तर लोक म्हणतात, अहो, त्यांनी तुमचं दुःख मांडलं. मांडलं, बरोबर. उपकार म्हणा हवं तर. पण त्यात महारवाड्यातला माणूस कायम निजवलेला असतो, काळा रंगवलेला, मापात बसवलेला. महाडच्या तळ्याकडं १९२७ साली चालत गेलेला माणूस त्या मापात मावत नाही. ओलाउडा इक्वियानो स्वतः गुलाम होता, १७६६ साली स्वतःची किंमत मोजून सुटला, आणि १७८९ साली, म्हणजे मिराबोच्या बाहुल्या झाल्या त्याच साली, लंडनमधी त्याने स्वतःची कहाणी स्वतः लिहून छापली. एकाच वर्षी दोन गोष्टी. दोन्ही लागल्या, हे मी नाकबूल करत नाही. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या भल्या लोकांना. ते ऋण त्यांनी मोकळ्या मनानं मानलं. पण पुस्तक मात्र स्वतः लिहिलं.

मिराबोने मॉडेल घरात जेवणाच्या दालनात ठेवलं होतं, मोठं भाषण तयार केलं होतं. ते सभेपुढं झालंच नाही. २ एप्रिल १७९१ ला तो वारला. त्याच महिन्यात लंडनच्या पार्लमेंटात व्यापार बंद करण्याचा ठराव मतदानाला आला. चित्र सगळ्यांनी बघितलेलं होतं. बाजूनं ८८, विरुद्ध १६३. पडला. ऑगस्टमधी सॅन-डोमिंगोच्या उसाच्या मळ्यांतले गुलाम रात्रीचे उठले. असल्या जहाजांच्या पोटातून उतरलेली माणसं ती, आणि त्यांची लेकरं. १८०४ साली त्यांनी आपल्या देशाचं नाव हैती ठेवलं.