राहून गेलेलं रीळ

आत्याच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे सुपर-8 चं एक कार्ट्रिज आहे. कोडाक्रोम 40. फिल्मचा जेवढा तुकडा बाहेर दिसतो त्यावर 'एक्स्पोज्ड' उमटलंय, म्हणजे शूटिंग शेवटपर्यंत झालंय. काकांनी 1986 मध्ये ते केलं. रीळ धुवायला पाठवायचं राहून गेलं. मग काकाच राहिले नाहीत.

50 फूट फिल्म, सेकंदाला 18 फ्रेम धरल्या तर 3 मिनिटं 20 सेकंद. त्यात काय आहे यावर घरात तीन मतं आहेत. आत्या म्हणते, आजी अंगणात तांदूळ निवडतेय. बाबा म्हणतात, गणपतीची मिरवणूक. आत्याचा मुलगा, आमचा दादा, म्हणतो की तो पहिल्यांदा सायकल चालवतोय आणि आजी मागून ओरडतेय. रीळ मूक आहे, पण त्याला ते ओरडणं ऐकू येतं.

मी सॉफ्टवेअरवाला. डेटा आहे तर वाचायचा, इतकं सोपं वाटलं होतं. आत्याला मी समजावलंही. प्रकाश पडला की फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या कणांत चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. चित्र म्हणजे सध्या एवढंच. डेव्हलपर त्यालाच कोट्यवधी पट वाढवतो. तोवर उष्णता, दमट हवा आणि काळ ते अणू विस्कटत राहतात, वर फिल्मवर धुरकटपणा चढतो. कोडाक्रोमचे रंग तर फिल्ममध्ये नसतातच, धुताना घातले जातात. ते काम करणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने 2010 च्या डिसेंबरअखेर नवी रिळं घेणं थांबवलं. आता निघालं तर कृष्णधवलच निघेल. थोडक्यात, थांबणं हाही एक निर्णयच आहे, आणि तो फुकट नाही.

आत्या म्हणाली, "राहू दे."

गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन फोटोग्राफर मुद्दाम वर्ष-दोन वर्षं रोल धुवायचा नाही. फोटो काढतानाचा आनंद विसरला की फोटो नीट पारखता येतो, असं त्याचं म्हणणं. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल धुवायचे बाकी होते. ते इतरांनी धुतले, इतरांनी पारखले. हे मला आजही खटकतं, कारण निवड हा त्याच्या कामाचाच भाग होता. पण काकांचं तसं नव्हतं. घरच्यांनी भिंतीवर चादर लावून बघावं, एवढ्यासाठीच ते शूट करायचे. त्यांच्या बाजूने विचार केला तर रीळ धुवायलाच हवं.

मग अडतं कुठे? आत्याच्या पुढच्या वाक्यापाशी. "रिकामं निघालं तर? आत्ता माझ्याकडे तीन मिनिटं आहेत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं काय ते कळलेलं केव्हाही बरं, असं मी धरून चाललो होतो. पण रीळ धुतलं की तिघांपैकी निदान दोघांची आठवण खोटी ठरेल, कदाचित तिघांची. तरीही मला वाटतं आत्या चुकतेय, कारण तिच्या 'राहू दे'ची किंमत दादाही मोजतोय आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. मात्र तिला न विचारता रीळ उचलून नेणं मला जमणार नाही.

पावसात दोन दिवस वीज गेली, तेव्हा तिचा फोन आला. रीळ खराब होईल का? मी म्हटलं, वीज आली की घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेव. आणि बाहेर काढशील तेव्हा पिशवी लगेच उघडू नकोस, काही तास तशीच राहू दे, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

"किती तास?" तिने विचारलं. "थांब, लिहून घेते."