जाहिरातच तर आहे!

पाऊस लागला की पुणेकरांच्या इनबॉक्समध्ये भोर-वेल्हे उतरतं. पानशेतच्या पाण्यालगतचे रिसॉर्ट, भाटघरच्या काठावरचा मुक्काम, राजगड-तोरण्याच्या पायथ्याचे ‘फार्महाउस प्लॉट’ आणि दिवाळीच्या सुमारास नवा इंद्रायणी तांदूळ. (वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणायचं, जाहिरातवाल्यांना ते आधीच सुचलं होतं.)

मेल उघडला की समोर हिरवा डोंगर आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत भाव, तारखा, फोन नंबर. सगळं एकाच चित्रात. डोळस माणसाचं काम क्षणात होतं. तोच मेल एखादी अंध व्यक्ती स्क्रीन रीडर लावून ऐकते, तेव्हा तिच्या कानावर पडतं, ‘ग्राफिक’. फार तर पुढे फाइलचं नाव, आकड्यांसकट. विषयाच्या ओळीत भाताच्या लोंबीची पाच चिन्हं डकवलेली असली, तर तो यांत्रिक आवाज इमानेइतबारे पाचही लोंब्यांची नावं घेतो. तांदूळ काय भावाने, ते कळत नाही ते नाहीच.

संगणकावरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. म्हणजे ज्यांची अडचण, त्यांनी आपल्या वाट्याचं काम करून ठेवलंय. मेल पाठवणाऱ्याच्या वाट्याला उरतं ते चित्रामागे स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा दोन ओळी टाइप करणं. आपल्याकडे स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. त्याला जाड कागद लागतो, वेगळी छपाई लागते. मेलला तसा काहीच खर्च नाही.

मराठी जाहिरात चित्र होऊनच का येते, याला एक साधं कारण आहे. गावातला डीटीपीवाला वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवत आला. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की नुसती अगम्य अक्षरं उमटायची. त्यापेक्षा चित्र करून पाठवलेलं बरं, ही सवय तिथून लागली. आता युनिकोड प्रत्येकाच्या खिशात आहे. सवय तेवढी राहिली.

यावर हमखास उत्तर येतं: ‘अहो, जाहिरातच तर आहे, नाही वाचली तर काय बिघडलं? आणि अंधांना धबधबा काय दिसणार?’ पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. रेशनची सूचना किंवा बँकेचा मेल वाचता न येणं जास्त गंभीर, हे खरंच. पण जाहिरात नको म्हणण्याचा हक्कही ज्याचा त्याला हवा. ‘यापुढे मेल पाठवू नका’ हे बटणसुद्धा खाली त्याच चित्रात फिकट राखाडी अक्षरांत असतं. म्हणजे अंध माणसाला होही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. दुसऱ्या वाक्याबद्दल काय बोलावं? सहलीचं बिल घरातला अंध मुलगाच भरणार असेल, ही शक्यता त्या विचारणाऱ्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही.

अडणारे फक्त अंधच नसतात. ‘बुकिंगसाठी फोन करा’ एवढंच लिहिलं तर कर्णबधिर माणसाने काय करायचं? हिरव्या तारखा शिल्लक, लाल तारखा भरलेल्या, असा तक्ता ज्याला लाल-हिरवा भेद कळत नाही त्याच्या काय कामाचा? हिरव्यावर पिवळं तर मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही लागत नाही, आणि पेन्शनीतून प्लॉट घेणारे बहुधा तेच असतात.

दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला केवायसीचा, म्हणजे ओळख पटवण्याच्या पद्धतीचा होता. अॅसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा, असं सांगणारी ती पद्धत. पण कायद्याचा धाक दाखवून वेल्ह्यातल्या एखाद्या बचत गटाचे मेल सुधारतील, असं मला वाटत नाही.

मला यात वेगळंच काही दिसतं. चित्र शब्दांत लिहायला बसलं की ‘निसर्गरम्य’वर भागत नाही. ‘इंद्रायणी तांदूळ, पाच किलोची पिशवी, भाव अमुक, घरपोच नाही, भोरला येऊन न्यावा लागेल’ असं लिहावं लागतं. मुक्कामाचं असेल तर खोलीपर्यंत पायऱ्या आहेत का, कमोड आहे का, व्हीलचेअर गाडीतून उतरवायला सपाट जागा आहे का, हेही लिहावं लागतं. डोंगराच्या फोटोला यातलं काहीच विचारता येत नाही. कोपऱ्यातलं बारीक ‘अटी लागू’ डोळसांनीही वाचायचं नसतंच. म्हणून तर ते बारीक. सगळी जाहिरात चित्रात कोंबण्यामागे आळस आहे, तशी थोडी सोयही आहे.

तांदूळ विकणाऱ्या बाईंना हे अवघड नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे, एका ओळीत मावेल. प्लॉटवाल्याला वेळ लागेल. जमीन एनए (बिगरशेती) आहे का, पाणी कुठून येणार आणि फोटोतल्या डोंगरापासून प्लॉट नेमका किती लांब, हे त्याला अक्षरांत लिहून पाठवावं लागेल.