आगकाड्यांची मौज

१९१५ साली दादासाहेब फाळके यांनी एक छोटा चित्रपट केला. त्याचे नाव 'आगकाड्यांची मौज'. त्यात नट नव्हते, राजवाडे नव्हते. होत्या फक्त आगपेटीतल्या काड्या. काड्या मांडायच्या, एक चित्र टिपायचे, त्या किंचित सरकवायच्या, पुन्हा टिपायचे. पडद्यावर त्या काड्या आपोआप हलून आकार घेताना दिसत. तेव्हा फाळक्यांचे वय ४५ होते. त्यांचा गाजलेला 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येऊन दोन वर्षे झाली होती आणि त्यांची कंपनी दादरहून नाशिकला आली होती. एवढे नाव मिळाल्यावरही ते काड्या सरकवत बसले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आकार, आकडे, अक्षरे हलवून दाखवण्याच्या ज्या कलेला आज आपण मोशन ग्राफिक्स म्हणतो, तिचे मूळ अशाच कामात आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या या माणसाने चाळिशी ओलांडल्यावर मुंबईत ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि नव्याने शिकायला सुरुवात केली. १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठले, कॅमेरा घेऊन परतले. त्याच वर्षी कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोवून, रोज थोडी थोडी फिल्म टिपत त्यांनी 'अंकुराची वाढ' केली. जेमतेम मिनिटभराची ती पट्टी पाहून पुढच्या चित्रपटासाठी कर्ज मिळाले.

त्यापूर्वी त्यांनी जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते, फोटोग्राफी केली होती, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली होती, छापखाना चालवला होता, जादूचे प्रयोगही केले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही धरसोड वाटावी. पण रंगीत छपाईत एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर नेमका बसवावा लागतो, जादूत प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ओळखावे लागते, आणि एकेक चौकट टिपून हालचाल उभी करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात. चाळिशीत शिकायला बसलेला माणूस कोरा नसतो.

हे मी आजच्या नाशिककरासाठी सांगतो आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर वीस वर्षे काढलेला माणूस संगणकावर पहिल्यांदा अ‍ॅनिमेशनची टाइमलाइन, म्हणजे चित्रांच्या क्रमाची वेळपट्टी, उघडतो आणि विशीतली मुले पाहून बिचकतो. त्याने बिचकू नये. सुरुवातीची एक आणि शेवटची एक अशा दोन की-फ्रेम दिल्या की मधली हालचाल सॉफ्टवेअर भरते. पण ती एकाच गतीने भरली तर निर्जीव दिसते. जड वस्तू हळू सुटते, वेग घेते आणि थांबताना पुन्हा मंदावते. सॉफ्टवेअरमध्ये याला 'ईझ' म्हणतात. मशीनचे टेबल सरकताना हे त्याने रोज पाहिले आहे. ढोलपथकात वाजवणाऱ्याला ठोका नेमका कुठे पडायचा ते शिकवावे लागत नाही. त्याने ते ज्ञान फक्त टाइमलाइनवर आणायचे.

त्याहून मोठी शिदोरी म्हणजे काय सांगायचे ते माहीत असणे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की बातमीत क्युसेकचे आकडे येतात. नाशिककर मात्र विचारतो, "पाणी मारुतीच्या कुठवर आलं?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हीच आपली पूर मोजण्याची पट्टी. गुडघा, कंबर, छाती, गळा. नव्याने शिकणाऱ्याने उडते लोगो आणि चमचमती नावे करण्यापेक्षा ही एक मूर्ती साध्या रेषांत काढावी आणि दहा सेकंदांत तिच्यावर पाणी चढवून दाखवावे. पाणी किती वेगाने चढते, कुठे रेंगाळते, बाजूला आकडा कधी यावा, आणि आकडा वाचायला आजीला किती वेळ लागेल, हे सगळे त्यात ठरवावे लागते. काठावरच्या दुकानदाराला त्या दहा सेकंदांतून माल कधी हलवायचा ते कळावे. पुराची भीती ज्याने स्वतः पाहिली आहे, त्याला हे ठरवणे जमते.

मराठी मजकूर हलवताना एक काळजी घ्यावी. अक्षरे एकेक करून आत आणली की शिरोरेखा तुटते, वेलांटी अक्षरापासून सुटते आणि जोडाक्षर फुटते. अशा वेळी शब्द अखंड आणावा, किंवा मात्रा-वेलांटी आपल्या अक्षरासोबतच हलवावी. आपल्या लिपीची ही शिस्त परदेशी धडे शिकवत नाहीत. ती आपणच बसवायची आहे.

मोठेपणी शिकताना खरा अडसर वेगळाच असतो. आयुष्यभर चांगले पाहिलेली नजर तयार असते, हात मात्र नवखा असतो. पहिले काम स्वतःलाच दुबळे दिसते आणि माणूस उठून जातो. म्हणून काम अगदी लहान घ्यावे. सेकंदाला बारा चित्रे धरली तर पाच सेकंदांना साठ फोटो पुरतात. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवला, दिवा एकच ठेवला, तर संध्याकाळच्या एका बैठकीत ते पुरे होतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 'फँटास्मॅगोरी' हा रेषाचित्रांचा चित्रपट १९०८ मध्ये केला, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. तोही दोन मिनिटांच्या आतच संपतो. आणि डोळे जपावेत. शिकण्याच्या झपाट्यात फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली.

घरच्यांनाही एक विनंती आहे. सरस्वतीबाई फाळके यांनी कच्च्या फिल्मला रात्रीच्या अंधारात भोके पाडणे शिकून घेतले, रसायने कालवणे शिकून घेतले आणि कंपनीतल्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. एवढे कुणाकडून मागायचे नाही. पण तुमच्या घरात आई, बाबा, काका, मावशी कुणीही या वयात नवे शिकायला बसले असेल, तर त्यांचा रोजचा एक तास त्यांचाच राहू द्या, आणि त्यांनी केलेली पाच सेकंदे दाखवली की हातातले काम ठेवून ती नीट पाहा.