धक्का खाणारे समत्व

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीला तिथे नारायण सूर्याजी ठोसर जन्मले आणि पुढे समर्थ रामदास झाले. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण अंतरपाटाआडून निघून गेला, ही कथा आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असते. या कथेत त्याच्या निघून जाण्यापेक्षा तो शब्द मला मोलाचा वाटतो. दासबोधाच्या अकराव्या दशकातही हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरी जागा समर्थांनी सावधपणाला दिली आहे. सावध माणसाचे मन कसे असते, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते: खडकासारखे, कशानेही न हलणारे. सुखदुःख समान मानणारा म्हणजे ज्याला काही लागतच नाही असा माणूस, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि तिने पुष्कळांचे नुकसान केले आहे. ती कुठे चुकते हे दाखवण्यासाठी मी धर्मग्रंथांच्या बाहेरची एक साक्ष काढतो. ती आहे डोंगरउतारावरून वेगाने उतरणाऱ्या, पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या डाउनहिल सायकलची.

जालना हा तसा या सायकलीचा मुलूख नव्हे. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगा, दक्षिणेला गोदावरी आणि मधे बहुतेक पठारच. सायकलीचे कूळ कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सापडते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरातून काही तरुणांनी जुन्या, जड सायकली कच्च्या वाटेने खाली सोडल्या आणि शर्यत लावली. उतार असा खडा की मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हते. प्रत्येक दगड मनगटातून कोपरात आणि कोपरातून पाठीच्या कण्यात जाई. १९८९च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा सस्पेन्शन असलेला पुढचा फोर्क आला, १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि आज डाउनहिल सायकलचे चाक सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास वीतभर, वर-खाली होऊ शकते.

पाहणाऱ्याला वाटते की ही वीतभर मोकळीक बसणाऱ्याच्या आरामासाठी आहे. ती असते पकडीसाठी. ताठ सांगाड्याच्या सायकलचे चाक दगडावर आदळले की उसळून हवेत जाते, आणि हवेतल्या चाकाला वळताही येत नाही, थांबताही येत नाही. सस्पेन्शन असले की चाक दगडावर चढते, पलीकडे उतरते आणि जमीन सोडत नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. सायकलवर नुसते उभे राहिले तरी वजनाने स्प्रिंग थोडी दबते. मागच्या बाजूला हा दाब एकूण पल्ल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ठेवतात. चालवणारे त्याला ‘सॅग’ म्हणतात. तो मुद्दाम ठेवतात, कारण वाटेत दगडांइतकेच खड्डेही असतात. खड्डा आला की दबलेली स्प्रिंग उलगडते आणि चाक खड्ड्यात उतरते. हा दाब ठेवलाच नाही तर चाक खड्ड्यावरून तरंगत जाईल आणि पुढच्या कडेवर आपटेल. पण नुसती स्प्रिंगही पुरत नाही. दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते आणि स्वाराला हँडलवरून पुढे फेकू शकते. म्हणून गॅरेजमध्ये ज्याला शॉकअप म्हणतात त्याच्या पोटात तेल असते. ते बारीक छिद्रांतून जाताना उसळी जिरवते. हे छिद्र एका छोट्या खटक्याच्या बटणाने कमी-जास्त करता येते. फार मोकळे ठेवले तर सायकल चेंडूसारखी उडते. फार आवळले तर एका धक्क्यातून सावरायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि दबत दबत सगळी यंत्रणा ताठ होऊन जाते. सहनशीलतेचा अतिरेक माणसाला कसा गोठवतो, याचे इतके चोख चित्र मला दुसरीकडे सापडलेले नाही.

आता समत्वाकडे वळू. धक्का न लागणे हे समत्व असेल, तर ताठ सांगाडा आणि हवेत उडालेले चाक ही त्याची दोन रूपे ठरतील: एक दगडाशी भांडणारे, दुसरे जमीनच सोडलेले. धक्का पूर्ण घेणे, तो जिरवणे आणि पुढच्या क्षणासाठी मोकळे होणे हे समत्व मानले, तर त्यात वेदनेला जागा राहते. समर्थांचे स्वतःचे आयुष्य या दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवते. टाकळीला बारा वर्षे तप करणाऱ्या, मारुतीची उपासना गावोगाव नेणाऱ्या याच माणसाने करुणाष्टके लिहिली. त्यांतली तळमळ खडकाची नाही. परंपरा सांगते की चोवीस वर्षांनी ते जांबला परतले, तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, आणि ते तिला भेटले. वैराग्य म्हणजे काही न लागणे असते, तर त्या भेटीची गरजच नव्हती. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत तयार होणारी टीएमटी सळई हेच वेगळ्या रीतीने सांगते. तापून लाल झालेली सळई पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात तेव्हा तिचा बाहेरचा थर कडक होतो. गाभा मात्र चिवट, वाकू शकणारा राहतो. आतबाहेर सारखीच कडक झालेली सळई भूकंपात उपयोगाची नसते.

यावर गीतेचाच आधार घेऊन कोणी विचारील: दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे ना? तो इंद्रिये आत ओढून घेतो. तुम्ही मात्र त्याला दगडाखड्ड्यांशी संपर्क ठेवायला सांगता. हा आक्षेप वजनदार आहे. पण कासव अवयव आत घेते तसे बाहेरही काढते. कायमचे आत राहिलेले कासव उपाशी मरेल. त्याच अध्यायात थोडे पुढे ताब्यातल्या इंद्रियांनी विषयांमध्ये वावरणाऱ्याला प्रसन्नता मिळते असे म्हटले आहे, आणि शेवटाकडे उपमा येते ती समुद्राची. नद्यांचे पाणी त्याच्यात शिरतच राहते आणि तरी तो ढळत नाही. पाणी आत येऊ न देणाऱ्या भिंतीची उपमा तिथे दिलेली नाही. दुःखात ज्याचे मन उद्विग्न होत नाही तो स्थितप्रज्ञ, असे गीता म्हणते. उद्वेग म्हणजे मनाचे हेलकावे, तेल नसलेल्या स्प्रिंगची उसळी. वेदना ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप असा की सम होते ते यंत्र. माणसाचा त्यात काय गुण? चालवणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. पूर्ण सस्पेन्शनवर पहिल्यांदा उतरणाऱ्याला कालपर्यंत भीती घालणारे दगड जाणवेनासे होतात, त्यामुळे वेग वाढतो आणि धोका तसाच राहतो, किंबहुना वाढतो. म्हणून स्वार दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवून उभा राहतो, गुडघे-कोपरे सैल ठेवतो, ब्रेकवर एकच बोट ठेवतो आणि पुढच्या चाकाकडे न पाहता वाटेवर लांब नजर लावतो. हात ताठ करून बसला तर वीतभर पल्लाही त्याला वाचवत नाही. लांब उतारावर शॉकअपमधले तेल तापते आणि त्याची जिरवण्याची ताकद कमी होते. मग उरते ती स्वाराचीच सावधानता. शिवाय स्प्रिंग ज्याच्या त्याच्या वजनानुसार बसवावी लागते. दुसऱ्याच्या मापाने बसवलेली कामाची नाही. अधिकारभेद म्हणून आपल्या परंपरेने जे सांगितले, ते याहून वेगळे नाही. जप असो की सूर्यनमस्कार, प्रत्येक साधनेला बाहेरचे साधन लागतेच, आणि साधन वापरले म्हणून साधकाचे श्रेय जात नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. उतारावरचा धोका पैसे मोजून, हौसेने पत्करलेला असतो. आयुष्यातले धक्के कुणी विकत घेत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि वर्षानुवर्षे पाणी घालून वाढवलेली झाडे लोकांना तोडून सरपणात घालावी लागली. त्या शेतकऱ्याची तुलना शर्यतीतल्या स्वाराशी करणे अन्यायाचे आहे, हे मी मान्य करतो. दोघांचे नैतिक मोल एक नाही. मात्र याच शेतकऱ्यासाठी समत्वाचा अर्थ नीट लावणे निकडीचे आहे. अशा माणसाला ‘मन घट्ट करा’ असे सांगायची आपल्याकडे रीत आहे. गावात येणारे कीर्तनकार सांगतात, पाहुणे सांगतात. घट्ट केलेले मन म्हणजे आवळलेले बटण. पहिला धक्का जिरायच्या आत सावकाराचा येतो, मग पोरीच्या लग्नाचा, आणि बाहेरून शांत दिसणारा माणूस आतून पार दबून ताठ झालेला असतो. त्याने बांधावर बसून रडावे, शेजाऱ्याला सांगावे, करुणाष्टके म्हणावीत. यातले काहीही समत्वाच्या विरुद्ध नाही. सुखदुःख समान मानायला सांगणाऱ्या धर्माने त्याच्याकडून न रडण्याची अपेक्षा केली, तर तो धर्म आपल्याच ग्रंथांचा अर्थ विसरला आहे.

‘सावधान’ ऐकून नारायण निघून गेला. त्याच समर्थांनी दासबोधाच्या बाराव्या दशकात परमार्थाआधी प्रपंच नीट सांभाळायला सांगितले. मंगलाष्टकांत तो शब्द आजही म्हटला जातो, अंतरपाट दूर होण्याआधी, आणि नवरा-नवरी तिथेच उभी राहतात.